प्रकल्प नोंदी: तंबाखूच्या पानावर चाललेलं राज्य

९ फेब्रुवारी

आज विषय पक्का झाला. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मराठी शाळेची मुलं आठ फलकांचं प्रदर्शन मांडणार. विषय आहे वसाहतकाळातलं व्हर्जिनिया. ही मुलं इथं रिचमंडच्या आसपास वाढतात, चौथीत शाळेत हाच इतिहास शिकतात, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना त्यातलं एक वाक्य मराठीत सांगताना अडतात. फलक मराठीतच हवेत, हा माझा हट्ट मान्य झाला.

तेराही वसाहती घ्याव्यात अशी सूचना होती. मी नको म्हटलं. मॅसॅच्युसेट्सची गावसभा वेगळी, पेनचं पेनसिल्व्हेनिया वेगळं, दक्षिण कॅरोलायनातली भातशेती आणखी वेगळी. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास आठ वसाहती थेट राजाच्या, तीन एकेका घराण्याच्या मालकीच्या आणि कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड या दोन सनदेवर चालणाऱ्या होत्या. एवढं पहिल्या फलकाच्या कोपऱ्यात लिहिलं की पुरे. बाकी सगळं आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल.

१६ फेब्रुवारी

जुने कायदे वाचत बसले आहे. सतराव्या शतकातली व्हर्जिनियाची विधानसभा दंड सांगते तो पौंड-शिलिंगात नव्हे, तंबाखूच्या वजनात. कर तंबाखूत, शेरीफची फी तंबाखूत, धर्मगुरूचा पगार तंबाखूत. १६९६ च्या कायद्यानं हा पगार वर्षाला १६,००० पौंड तंबाखू ठरवला. नाणं फारसं नव्हतंच. ज्याच्याकडे पान त्याच्याकडे पैसा.

इथंच प्रदर्शनाचा धागा सापडला. सरकार, चर्च, कोर्ट, लग्न, गुलामी हे वेगवेगळे धडे नाहीत. सगळ्यांचा हिशोब एकाच पानावर लिहिलेला आहे. आठही फलक तंबाखूवरून जातील.

२ मार्च

एका पालकांचा फोन आला. लहान मुलांपुढं तंबाखू कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी आहे. घरात तंबाखूपायी कॅन्सर पाहिलेली माणसं आपल्यात कमी नाहीत. मी त्यांना सांगितलं की ते नुकसानही फलकावर असेल, आणि मुलं पानाला हात लावणार नाहीत. ओल्या पानाचा रस अंगाला लागला तर निकोटिन कातडीतून शरीरात जातं, मळमळ-उलट्या होतात. आजही तंबाखूच्या मळ्यातल्या मजुरांना हा त्रास होतो. त्यांनी ऐकून घेतलं. विषय राहिला.

आज ट्रेमध्ये बी पेरलं. मोहरी याच्यापुढं डोंगर वाटावी इतकं बारीक. वाळूत मिसळून टाकावं लागलं.

९ मार्च

आबांना व्हिडिओ कॉलवर ट्रे दाखवला. आमचं गाव कागल तालुक्यात, निपाणी जवळच. आबांनी पंचवीस-तीस वर्षं तंबाखू केला. मी सांगितलं की वसाहतीतले शेतकरी नाताळ उलटला की जंगलाचा तुकडा साफ करायचे, त्यावर झाडोरा जाळायचे आणि त्या राखेच्या वाफ्यात बी टाकायचे. आबा लगेच म्हणाले, "म्हणजे राब भाजायचे की!" फलक २ साठी शब्द मिळाला. मी चार दिवस "पेरणीपूर्व भाजणी" असलं काहीतरी लिहून खोडत होते.

बी मात्र इथलं नव्हतं. इथले मूळ रहिवासी पॉव्हटन लोक लावायचे तो तंबाखू जहाल होता, इंग्लंडात खपत नव्हता. जॉन रॉल्फनं १६१२ च्या सुमारास कॅरिबियन बेटांकडचं सौम्य बी आणून लावलं. १६१७ मध्ये जेम्सटाउनमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या इथल्या पहिल्या वस्तीत, रस्त्यांत आणि बाजारच्या जागेतसुद्धा तंबाखू उभा होता, आणि त्या वर्षी सुमारे २०,००० पौंड माल इंग्लंडला गेला. जेमतेम सात-आठ वर्षांपूर्वी, १६०९-१० च्या हिवाळ्यात, हीच वस्ती उपासमारीनं जवळजवळ संपली होती. म्हणून १६१६ मध्ये गव्हर्नर डेलला हुकूम काढावा लागला: दोन एकर मका लावल्याशिवाय तंबाखू लावायचा नाही.

२३ मार्च

फलक १ लिहून झाला. मुलांना एक गोष्ट नीट कळायला हवी: ही जमीन मोकळी नव्हती. तिला त्सेनाकोमाका असं नाव होतं आणि वाहुनसेनाकाव हा तिचा प्रमुख होता. तंबाखू तीन-चार पिकांत जमीन खाऊन टाकतो, मग ती वीस वर्षं पडीक ठेवायची आणि पुढं सरकायचं. हे पुढं सरकणं म्हणजे दुसऱ्याच्या मक्याच्या शेतात, दुसऱ्याच्या शिकारीच्या रानात घुसणं. मार्च १६२२ च्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मेले, त्यामागं हेच होतं, आणि त्यानंतरचा इंग्रजांचा सूड वर्षानुवर्षं चालला.

१६७७ च्या तहानुसार पामंकी आणि मॅटापोनाय या इथल्या मूळ जमातींचे लोक अजूनही दर नोव्हेंबरात रिचमंडला गव्हर्नरच्या निवासापाशी हरणाचा नजराणा आणतात. मी या शहरात अकरा वर्षं राहते आणि हे मला यंदा कळलं. फलकाच्या अगदी वर घेतलं.

१३ एप्रिल

शब्दांची अडचण. गरीब इंग्रज मुलं-मुली बोटीचं भाडं फेडण्यासाठी चार ते सात वर्षं मालकाकडे बांधून घ्यायची. पुस्तकी मराठीत "करारबद्ध नोकर". हे कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं करत नाही. आबांना विचारलं. ते म्हणाले, "सालगडी."

जवळचा शब्द आहे, पण पुरा पडत नाही. सालगडी पाडव्याला हिशोब करून दुसऱ्या वाड्यावर जाऊ शकतो. इथल्या नोकराचा करार मालक दुसऱ्याला विकू शकत होता, परवानगीशिवाय लग्न करता येत नव्हतं, आणि पळून गेल्यास मुदत वाढायची. मुदत संपली की थोडा मका, अंगावरचे कपडे असं काही मिळायचं, आणि मुळात मुदत संपायची हे महत्त्वाचं. त्याला आणणाऱ्याला मात्र दर माणसामागं ५० एकर जमीन मिळे. फलकावर असं लिहिलं: "सालगडी, पण पाडवा सात वर्षांनी." आबांना पटलं.

माणसामागं जमीन मागणाऱ्या अशाच एका यादीत, १६३५ मध्ये, जॉर्ज मेनिफी या जमीनदारानं आणलेल्या लोकांत एक नोंद आहे: टोनी, ईस्ट इंडियन. आपल्या उपखंडाकडून आलेला माणूस, बहुधा लंडनमार्गे. गाव नाही, आईबापाचं दिलेलं नाव नाही. यादीत आहे एवढंच. टोनीसाठी फलक ६ वर जागा ठेवली.

११ मे

आबा परवा आले. विमानाचा शीण उतरायच्या आत त्यांनी मागच्या अंगणात रोपं लावली. आठ. माझ्या हातून त्यांनी खुरपं काढूनच घेतलं. पावसानंतर जमीन ओली असताना लावायची असते म्हणून दोन दिवस थांबले होते. वसाहतीतही मे महिन्यात असंच चालायचं: पाऊस पडला की सगळी माणसं, बायका, मुलं शेतात, दिवस मावळेपर्यंत.

२५ मे

फलक ५, घर आणि जेवण. फोटोत दिसतात ते विटांचे वाडे अठराव्या शतकातल्या मोजक्या श्रीमंतांचे. सतराव्या शतकातला साधा शेतकरी एका किंवा दोन खोल्यांच्या लाकडी घरात राहायचा. खांब थेट मातीत रोवलेले, पाया नाही, त्यामुळे काही वर्षांत बुडखा कुजायचा. बसायला पेटी किंवा बाक, खुर्ची क्वचित. माणूस मेल्यावर कोर्टासाठी घरातल्या वस्तूंची यादी व्हायची. त्या याद्यांत पिसांची गादी ही बऱ्याचदा घरातली सगळ्यात महाग वस्तू असते.

जेवण म्हणजे मका. दळायला गिरणी जवळ नसायची, म्हणून लाकडाच्या मोठ्या उखळात कांडायचा. आमच्याकडे आजीचं जुनं मुसळ आहे, लोखंडाच्या वसूचं, ते आबा शेजारणीला कौतुकानं सांगत होते. मी गेल्या वर्षी एका पुनर्रचित शेतावर तसं उखळ वापरून पाहिलं होतं. खोडाचं, कमरेएवढं उंच, मुसळ दोन्ही हातांत धरून वर न्यायचं आणि सोडायचं. दहा मिनिटांत खांदे भरून आले आणि वाटीभर भरडसुद्धा झाली नव्हती. गुलाम माणसांना दिवसभर शेतात राबून झाल्यावर रात्री हेच कांडण असे.

मका, घेवडा आणि भोपळा एकाच ढिगाऱ्यात लावायची रीत पॉव्हटन बायकांकडून आली. आबा म्हणाले, आंतरपीक.

१५ जून

अळी. बोटाएवढी जाड, हिरवीगार, शेपटीला काटा. सकाळी आठपैकी तीन झाडांची पानं चाळण झालेली. आबा पान उलटं करून एकेक अळी वेचत होते. "हे पीक माणसाला मोकळं सोडत नाही," म्हणाले. "ऊस लावला की शेतकरी गावाला जाऊन येतो. तंबाखूला रोज पाहिजे माणूस."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. मोठ्या मळ्यांना इतकी माणसं का लागली याचं उत्तर त्यात आहे. शेंडा खुडायचा, बगलफूट काढायची, अळी वेचायची, आणि हे हजारो झाडांवर, पुन्हा पुन्हा.

२९ जून

फलक ४ मुलांनी हाती घेतला, "कशाला किती तंबाखू". आत्तापर्यंत जमलेलं:

१६२१ मध्ये वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीनं लग्नासाठी मुली पाठवल्या. जो लग्न करील त्यानं प्रवासखर्च म्हणून १५० पौंड उत्तम तंबाखू द्यायचा.

१६६२ चा कायदा: बायकोनं कुणाची बदनामी केली आणि नवऱ्यानं दंड भरला नाही, तर दर ५०० पौंड तंबाखूमागं तिला एकदा पाण्यात बुडवून काढायचं.

डोईपट्टी सोळा वर्षांवरच्या पुरुषांवर. गोऱ्या घरातल्या बायकांवर नाही. पण १६४३ पासून आफ्रिकी स्त्रियांवर कर बसला, कारण त्या शेतात राबणारे हात म्हणून मोजल्या गेल्या. दहा वर्षांच्या सानिकाने विचारलं, "म्हणजे कायद्यानं आधीच ठरवलं होतं कुणी राबायचं?" मी हो म्हटलं. तिनंच ती ओळ जाड अक्षरात लिहिली.

१३ जुलै

हॅनोव्हर कोर्टहाऊसला जाऊन आलो, आबा आणि मी. घरापासून अर्धा-पाऊण तास. विटांची बैठी इमारत, पुढं कमानींची पडवी. महिन्यातून एकदा कोर्टाचा दिवस असे आणि त्या दिवशी आख्खी काउंटी, म्हणजे जिल्हा, इथं लोटे. न्यायाधीश म्हणजे शिकलेले वकील नव्हेत, काउंटीतले मोठे जमीनदार, गव्हर्नरनं नेमलेले. तेच भांडणं ऐकायचे, तेच रस्ते ठरवायचे, कर बसवायचे, दारूच्या गुत्त्यांना परवाने द्यायचे. लोकांनी निवडलेलं काउंटीत कुणी नाही. निवडून जायचे ते फक्त विधानसभेवरचे प्रतिनिधी.

मतदान तोंडी. मतदार पुढं येऊन मोठ्यानं नाव घ्यायचा, कारकून लिहायचा, आणि समोर बसलेला उमेदवार तिथंच आभार मानायचा. म्हणजे सावकाराच्या डोळ्यांसमोर मत. १७३६ च्या कायद्यानं मताला १०० एकर पडीक जमीन, किंवा घरासह २५ एकर कसलेली जमीन लागे. स्वतंत्र काळ्या माणसांचा आणि मूळ रहिवाशांचा मताधिकार १७२३ मध्येच काढून घेतला होता. १७५८ मध्ये फ्रेडरिक काउंटीतून जॉर्ज वॉशिंग्टन निवडून आले तेव्हा त्यांच्या नावावर मतदारांना पाजलेल्या दारूचा हिशोब आहे: २८ गॅलन रम, ५० गॅलन रम पंच, ३४ गॅलन वाईन, ४६ गॅलन बिअर, २ गॅलन सायडर.

पण मी हॅनोव्हरला गेले ते दुसऱ्याच खटल्यासाठी. १७५८ मध्ये दुष्काळ पडला, तंबाखूचा भाव नेहमीच्या जवळपास तिप्पट झाला. विधानसभेनं कायदा केला की तंबाखूतली देणी पौंडाला दोन पेनी या दरानं रोखीत भागवता येतील. धर्मगुरूंचा १६,००० पौंड तंबाखूचा पगार एका फटक्यात घसरला. त्यांची तक्रार लंडनला गेली, आणि राजानं कायदा रद्द केला. जेम्स मॉरी या धर्मगुरूंनी बुडालेल्या पगारासाठी इथं दावा लावला. १ डिसेंबर १७६३ ला २७ वर्षांचा पॅट्रिक हेन्री उलट बाजूनं उभा राहिला. न्यायासनावर त्याचा बाप. हेन्री म्हणाला की लोकांच्या भल्याचा कायदा रद्द करणारा राजा जुलमी होतो आणि प्रजेनं त्याची आज्ञा पाळण्याचं कारण उरत नाही. सभागृहात "राजद्रोह!" अशी कुजबुज झाली. ज्युरीनं मॉरींना नुकसानभरपाई दिली, एक पेनी.

आबा पडवीत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "भावाचं भांडण राजापर्यंत गेलं म्हणायचं."

२७ जुलै

आबांना १६८२ चं सांगितलं. भाव इतके पडले होते की ग्लॉस्टर काउंटीतल्या शेतकऱ्यांनी रात्री फिरून वाफ्यांतली रोपं कापून टाकली, आपली आणि दुसऱ्यांचीही. माल कमी झाला तर भाव वाढेल म्हणून. सरकारनं पुढं असं टोळीनं पीक कापणं राजद्रोह ठरवलं. आबा १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसले होते. रात्री उशिरापर्यंत त्याबद्दल बोलत राहिले. फलकावर त्यातलं काही येणार नाही, पण मला ते लिहून ठेवायचंय, म्हणून ही नोंद.

३ ऑगस्ट

फलक ८, वखार. १७३० मध्ये गव्हर्नर गूचनं तपासणीचा कायदा आणला. तंबाखू पिंपात दाबून भरायचा, एकेक पिंप हजार पौंडांच्या आसपास. मधून आस घालून बैलांमागं लोळवत सरकारी वखारीपर्यंत न्यायचं. तिथं तपासनीस पिंप उघडून हलका माल जाळायचे आणि चांगल्याची पावती द्यायचे. ती पावती मग हातोहात पैशासारखी फिरायची. गरीब शेतकऱ्याला आपला माल डोळ्यांसमोर जळताना पाहणं सोसवेना. १७३२ मध्ये काही वखारींना आगी लावल्या गेल्या. निपाणीत आजही वखारच म्हणतात, त्यामुळे या फलकाचं भाषांतर करावंच लागलं नाही.

२४ ऑगस्ट

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फलक ३. साल १६१९.

३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये विधानसभा पहिल्यांदा भरली. अकरा वस्त्यांचे २२ प्रतिनिधी. उकाडा असा की एक प्रतिनिधी मेला आणि ४ ऑगस्टला बैठक गुंडाळावी लागली. तेवढ्या दिवसांत त्यांनी तंबाखूचा दर ठरवला: उत्तम प्रतीला पौंडामागं तीन शिलिंग, दुय्यम प्रतीला अठरा पेनी. आणि ऑगस्ट सरता सरता पॉइंट कम्फर्टला "व्हाइट लायन" हे जहाज लागलं. त्यावरची वीसपेक्षा काही जास्त अंगोलाची माणसं अन्नधान्याच्या बदल्यात इथं उतरवली गेली. मध्ये महिनाभराचंही अंतर नाही.

पुस्तकांत ही दोन प्रकरणं वेगळी असतात. मसुद्यातही कुणीतरी दोन चौकटी केल्या होत्या. मी त्या पुसल्या आणि सगळं एकाच परिच्छेदात घेतलं. आपल्या कायद्यांनी चालण्याचा हक्क मागणारी माणसं आणि विकली गेलेली माणसं एकाच नदीकाठी, एकाच पिकासाठी होती. १६६२ मध्ये त्याच विधानसभेनं ठरवलं की मूल आईचं असेल तसं: आई गुलाम तर मूलही जन्मभर गुलाम. इंग्लंडात वंश बापावरून चाले. इथं उलटा केला, आणि मालकाच्या स्वतःच्या मुलांनाही मालमत्तेत जमा करून घेतलं. हे लिहिताना मला दोनदा उठून बाहेर जावं लागलं.

शब्द असा ठरला: "गुलाम" नुसतं लिहायचं नाही, "गुलाम केलेली माणसं" लिहायचं. लांब होतं. होऊ दे.

१४ सप्टेंबर

झाडं कापून गॅरेजात उलटी टांगली. पानं पिवळी पडायला लागलीत. गाडी बाहेर. आबांचं परतीचं तिकीट २२ तारखेचं. त्यांना प्रदर्शन बघायला मिळणार नाही, म्हणून फलकांचे छापील नमुने त्यांच्या बॅगेत घातले.

५ ऑक्टोबर

पान सुकून करकरीत झालं होतं. दोन दिवस पाऊस झाला, हवा दमट झाली, तशी पानं मऊ पडली आणि न मोडता उतरवता आली. वजन केलं. आठ झाडांचं मिळून दीड पौंड.

मुलांनी लगेच गणित मांडलं. १५० पौंडांना ८०० झाडं. धर्मगुरूच्या पगाराला ८५ हजारांच्या वर. प्रत्येक झाड पेरून, लावून, खुडून, अळ्या वेचून. फलक ४ च्या शेजारी वजनकाटा ठेवायचा आणि काचेच्या बरणीत ही पानं. झाकण चिकटपट्टीनं बंद करायचं.

१२ ऑक्टोबर

फलक ६ शेवटचा राहिला होता, "हात". त्यावर दोनच नावं घेतली. टोनी, आणि १६२५ च्या खानेसुमारीत जेम्सटाउनला कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरी नोंदलेली अँजेला. यादीत तिच्यापुढं एवढंच आहे: निग्रो स्त्री, "ट्रेझरर" जहाजातून. हे जहाज "व्हाइट लायन"च्या मागोमाग आलं होतं. सानिकाने विचारलं की अँजेला कोणत्या खोलीत झोपायची, तिला कोण हाक मारायचं. मी सांगितलं की यादीत ते नाही. मग तिनं नावाखाली हातभर जागा कोरी सोडली आणि मला म्हणाली, इथं काही छापायचं नाही.

फलक उद्या छपाईला जातात. छापणाऱ्याला सांगायचं: फलक ६ ची कोरी जागा चूक नाही, तशीच ठेवा.